करणसिंगच्या नवसाची कोंबडी

मंगळवार, १० जुलै १९३४

आज नाल्यापलीकडे एक कोंबडी जिवंत सापडली.

गावात पंधरा दिवस कोंबड्यांची मरी चालू आहे. एक घर सुटलं नाही. काल दलसिंग पाटलाने सगळ्यांच्या मेलेल्या आणि मरू घातलेल्या कोंबड्या टोपल्यांत भरून नाल्यापार नेऊन टाकायला लावल्या. रोगाला शिवेबाहेर पोचवायचं आणि परतताना मागे वळून बघायचं नाही, अशी इथली रीत. मी पलीकडच्या पाड्यावर एकाच्या पायाची पट्टी बदलायला गेलो होतो, येताना त्या ढिगाजवळून वाट होती. सगळं निपचित, आणि त्यात एक चोच उघडमीट करत होती.

ठिपक्याठिपक्यांची काबरी कोंबडी. डोळे चिकटून बंद, अंग चिंब, मान खाली. उचलली तर पाण्याने भिजलेल्या कापसाइतकी हलकी. का उचलली ते मला लिहिता येत नाही. माणसांच्या औषधावर सरकारने मला नेमलं आहे, कोंबड्यांच्या नाही.

आयोडिनच्या बाटल्या आलेल्या खोक्यात गवत घालून चुलीजवळ ठेवली आहे. उद्यापर्यंत राहील असं वाटत नाही.

बुधवार, ११ जुलै

राहिली.

बोरिकच्या पाण्याने डोळे धुतले. डावा उघडला, उजवा नाही. पोटॅशचे दोन कण पाण्यात टाकून, पाणी गुलाबी झालं तेवढंच, काचेच्या नळीने थेंब थेंब चोचीत सोडलं. अर्धं बाहेर आलं. दुपारी बंटी म्हणतात त्या इथल्या भरड धान्याची पातळ पेज, त्यात चिमूटभर हळद. ती गिळली. गिळताना गळ्याची हालचाल दिसते ती बघत बसलो आणि दोन रोगी दारात ताटकळले.

शुक्रवार, १३ जुलै

दलसिंग पाटील आला. बसला नाही. म्हणाला, "गावनी जे बाहेर टाकं, ते तू घरमा लयना."

मी म्हटलं, गावात आता मरायला कोंबडी उरली कुठे? तो म्हणाला की तीन घरांत एकेक आहे. त्याचं बरोबर होतं, मला माहीत नव्हतं. शेवटी ठरलं की कोंबडी माझ्या खोलीबाहेर जाणार नाही, तिची घाण मी पुरेन, आणि महिनाभर मी कोणाच्या कोंबड्यांजवळ फिरकणार नाही. पाटील वाईट माणूस नाही. जाताना खोक्यात वाकून बघून गेला.

शनिवार, १४ जुलै

पाटलाकडून कळून भुरीबाई आली. गावाच्या वरच्या टोकाला एकटी राहते, साठीची असेल. घरी पावरी बोलते, माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी. मी नंदुरबारचा, त्यामुळे आमचं जमतं. खोक्याशी बसली, कोंबडीच्या पायाचं तुटकं बोट चाचपलं आणि म्हणाली, "ही मन्ही काबरी शे. मरी गयी म्हणीसन मीच तिले टोपलीमा टाकी."

म्हटलं, माय, घेऊन जा तुझी. तिने मान हलवली. मग सांगितलं. तिचा मुलगा करणसिंग अडीच वर्षांपूर्वी मुकादमाबरोबर सुरतेकडे कामाला गेला. बरोबरचे सगळे परत आले, तो पुढे कुठे गेला कोणालाच ठाऊक नाही. तो घरी आला की ही काबरी बाबदेवाला द्यायची, असा तिचा नवस आहे.

"बिमार कोंबडी देवले चालत नही," ती म्हणाली. "तू तिले बरी कर, भाऊ."

म्हणजे मी हिला वाचवायचं ते मारण्यासाठी. बरी करतो म्हटलं.

मंगळवार, १७ जुलै

डोंगरसिंग टपाल घेऊन आला. तळोद्याहून दोन दिवसांची वाट, गुडघाभर चिखल, तरी पिशवी कोरडी. नंदुरबारहून जहीरभाईचं पत्र. अकिलाचा हा थोरला भाऊ, रंगाऱ्याचं काम करतो. अकिला सध्या माहेरी त्याच्याकडे आहे. आमचं पहिलंच मूल, जुलैअखेरची तारीख. मला इथे जानेवारीत पाठवलं तेव्हा तिला घेऊन येणार होतो, पण दिवस राहिल्याचं कळल्यावर तिच्या अम्मीने येऊ दिलं नाही. बरोबरच केलं.

पत्र नेहमीचं. खाली नेहमीप्रमाणे अकिलाची एक ओळ, उतरत गेलेली: "पावसात भिजू नका. मी बरी आहे. लवकर या असं म्हणत नाही."

भुरीबाई कोंबडीपाशी बसली होती. विचारलं तेव्हा तिला ती ओळ दाखवली, हे माझ्या बायकोचं अक्षर म्हणून. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग मला लाज वाटून मी कागद घडी करून ठेवला.

लवकर या असं म्हणत नाही, म्हणजे म्हणतेच आहे. मीही जाणार आहे. पण डॉक्टरसाहेब पावसाळ्यात तळोद्याहून वर येत नाहीत, दवाखाना माझ्या एकट्यावर. नद्या जरा उतरू देत.

शुक्रवार, २० जुलै

उजवा डोळाही उघडला. मला बघून ती दचकली. दहा दिवस मी तिला बघतो आहे, तिने मला आज बघितलं.

मंगळवार, २४ जुलै

टपाल नाही. पलीकडे पूर.

कोंबडी पायांवर उभी राहत नाही. दोन्ही हातांत धरून जमिनीला पाय टेकवतो, थोडं वजन देतो, परत उचलतो. भुरीबाई हसते. म्हणते, लेकराला चालायला असंच शिकवतात.

रविवार, २९ जुलै

या आठवड्यात व्हायला हवं. दवाखान्यात आज तिघीचौघी बाळंतिणी आल्या होत्या, प्रत्येकीच्या कुशीत पोर. मी औषध मोजताना दोनदा चुकलो आणि दोनदा परत मोजलं.

अकिलाला भूक लागली की ती गप्प होते. अम्मीला हे ठाऊक असेल का? मी कधी सांगितलं नाही.

मंगळवार, ३१ जुलै

टपाल आलं. जहीरभाई लिहितो: सर्व खुशाल, अकिला बरी आहे, तापी चढलेली आहे, उगाच जिवावर उदार होऊन निघू नकोस. एवढंच. अकिलाची ओळ नाही.

अगदी जवळ आलेलं असताना तिला बसून लिहिणं जमत नसणार. जहीरभाई मागच्या दोन महिन्यांत प्रत्येक पत्रात ये म्हणून टोचत होता, आता निघू नको म्हणतो. पुरामुळे असेल.

संध्याकाळी भुरीबाई सांगत होती की करणसिंग लांब कुठेतरी चांगल्या कामावर असणार, म्हणूनच त्याला सुट्टी मिळत नाही. अडीच वर्षं. माणूस स्वतःची समजूत कशी काढतो ते तिच्याकडे बघून कळतं. मी हो हो म्हटलं.

रविवार, ५ ऑगस्ट

उभी राहिली. आपली आपण. चार पावलं टाकली, चुलीच्या दगडाला धडकली, बसली, परत उठली. मी एकटाच होतो. कोणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून वर भुरीबाईच्या घरापर्यंत चालत गेलो आणि सांगून आलो.

अकिलाला सगळं सविस्तर लिहिलं. दोन पानं झाली. तिला कोंबड्या आवडतात की नाही मला माहीत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यातले आम्ही एकत्र राहिलो ते महिने बोटांवर येतात.

मंगळवार, ७ ऑगस्ट

डोंगरसिंग आला. मला पत्र नाही.

मंगळवार, १४ ऑगस्ट

पत्र. "अकिला बरी आहे, जेवते. काळजी करू नये. पाऊस सरल्यावर सवडीने ये." खाली ओळ नाही. मुलाबद्दल अक्षर नाही.

तारीख मोजण्यात चूक झाली असणार. पहिल्या वेळी दहापंधरा दिवस मागेपुढे होतात, हे मी इथल्या बायकांना नेहमी सांगतो. 'जेवते' असं मुद्दाम लिहायचं काय कारण, ते समजलं नाही.

रजेचा अर्ज लिहिला आणि पाठवला नाही. पोराच्या बातमीनंतर एकदमच मागावी.

शुक्रवार, १७ ऑगस्ट

पाटलाने लावलेला महिना झाला. गावात नवीन कोंबडी मेली नाही. दलसिंग स्वतः येऊन म्हणाला, सोड तिला बाहेर. सोडली. अंगणात तिने उकरायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत माझी लावलेली मेथी संपवली. पिसं चकचकीत, तुरा लाल. मी दारात आलो की धावत येते. मी तिला काही नाव ठेवलेलं नाही.

आज एक वाईट गोष्ट लिहून ठेवतो. तिला उकरताना बघून माझ्या मनात आलं की करणसिंग इतक्यात न आला तर बरं. हे मनात आलं तेव्हा भुरीबाई माझ्याच ओट्यावर बसून वाटेकडे बघत होती. रोज बघते. मी घरात गेलो आणि तिच्यासाठी चहा केला, जो मी एरवी कोणासाठी करत नाही.

मंगळवार, २१ ऑगस्ट

डोंगरसिंग दुपारी आला तेव्हा भुरीबाई होती. जहीरभाईचं पत्र, तेच ते. बरी आहे, काळजी नको, सवडीने ये.

मी वाचत असताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हणाली, "देखाड." मी कागद तिच्यापुढे धरला. तिने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"यामा तिन्हं कोनतं?"

म्हटलं, या वेळी तिने लिहिलं नाही.

"मांगना कागदमा?"

त्यातही नाही. त्याच्या आधीच्यातही नाही.

"पोऱ्या का पोर, काय व्हयनं?"

म्हटलं, अजून काही कळवलेलं नाही. कळवतील.

तिने बोट काढून घेतलं. काबरीकडे बघितलं. मग म्हणाली, "तू घर जाय, भाऊ."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. तापीचा पूर, दवाखाना, डॉक्टरसाहेब येत नाहीत, पहिल्या वेळी दिवस मागेपुढे होतात, आणि पत्रात बरी आहे असं स्वच्छ लिहिलं आहे. ती उठून गेली. मला राग आला. तिला वाचता येत नाही, कागदावरच्या रेघांवरून ती माझ्या घराचं भविष्य सांगणार.

बुधवार, २२ ऑगस्ट

सकाळी भुरीबाई आली आणि काबरीला काखेत घेऊन निघाली. मी विचारलं, करणसिंगची काही बातमी? नाही म्हणाली.

"मग आता कशाला नेतेस?"

"मी नवस बदला. आते हाई करणसिंगनी नही. तुन्ही बायकोनी शे. तू तिले लईसन परत उना, का मी देवले देसू."

तिच्याकडे दुसरी कोंबडी नाही. मरीत सगळ्या गेल्या, आणि घेण्याची ऐपत नाही. अडीच वर्षं जी मुलासाठी राखली ती तिने रात्रीत माझ्या नावावर केली. मी म्हटलं, माय, माझ्या घरी काही झालेलं नाही. तुझ्या मुलाचं काय?

ती म्हणाली, "तो मोठा शे. वाट त्याले माहीत शे." आणि गेली.

दिवसभर दवाखान्यात बसलो. चार वाजता पेटीतून सगळी पत्रं काढली, तारखेने लावली आणि ओळीने वाचली. मग मला वाचता आलं.

उद्या निघतो. दवाखान्याची किल्ली पाटलाकडे.

शनिवार, २५ ऑगस्ट. तळोदा

पाय सोलपटले. डॉक्टरसाहेबांना समक्ष भेटलो. त्यांनी चेहरा बघितला आणि रजा लिहून दिली. तापीवर दोन दिवस नाव बंद होती, उद्या सुटेल म्हणतात.

सोमवार, २७ ऑगस्ट. नंदुरबार

अकिला आहे.

बाकी उद्या लिहीन.

बुधवार, २९ ऑगस्ट

घरात आम्ही जे बोलतो ते मी इथे मराठीतच लिहितो.

मी पोचलो तेव्हा जहीरभाई अंगणात कापड वाळत घालत होता. मला बघून त्याने हातातलं ओलं कापड तसंच खाली ठेवलं. म्हणाला, "तू नदीत उडी टाकशील अशी भीती वाटली. म्हणून लिहिलं नाही." अम्मी रडायला लागल्या. त्यावरून कळलं की झालं आहे, पण काय ते कळेना. मी सरळ आत गेलो.

अकिला खिडकीशी बसून मिरच्यांची देठं काढत होती. शेजारच्या मिरचीवाल्याचं काम, इथल्या सगळ्या बायका करतात. बारीक झाली आहे. तिने वर बघितलं आणि पुढची मिरची उचलली.

मुलगी झाली होती. बावीस जुलैला. तीन दिवस राहिली. पंचवीसला दुपारी गेली. तेव्हा मी डोंगरात कोंबडीला पायांवर उभं करत होतो.

मी म्हटलं, "तू एक ओळ तरी लिहायचीस."

ती म्हणाली, "भाईने लिहिलं की मी बरी आहे. मी बरी नव्हते. खोट्या कागदावर माझं अक्षर कसं घालू? मला खरं लिहू देत नव्हते आणि खोटं मी लिहिणार नव्हते. म्हणून खाली जागा कोरी ठेवायला सांगितली." देठ तोडत म्हणाली, "वाटलं, तुम्ही ओळखाल. पहिलं पत्र गेलं त्या आठवड्यात मी रोज दाराकडे बघितलं. मग दुसरं गेलं. मग बघायचं सोडलं."

मी तिला खरं ते सांगितलं. मी ओळखलं नाही. डोंगरातल्या एका बाईने ओळखलं, जिला अक्षर येत नाही.

तिने हातातली मिरची टोपलीत टाकली. "कोण बाई?"

मग मी सांगत गेलो. माझी दोन पानांची चिठ्ठी तिने वाचली होती. म्हणाली, ती वाचून तुमचा फार राग आला, आणि चार वेळा वाचली.

शनिवार, १ सप्टेंबर

जहीरभाईने कबरस्तानात नेलं. लहानसा उंचवटा, त्यावर गवत आलेलं. मी गवत काढायला वाकलो. तो म्हणाला, राहू दे.

अकिला माझ्याशी बोलते, पण थोडं. मी सारखा तिच्याभोवती असतो, त्याचाही तिला त्रास होत असावा. ज्या वेळी हवा होतो ती वेळ गेली.

रविवार, १६ सप्टेंबर

अम्मी म्हणाल्या, तिला इथेच राहू दे, तब्येत सुधारेल. मी बरं म्हटलं. अकिला आतून म्हणाली, "मी जाणार आहे."

तिला नवसाचं सगळं माहीत आहे. ती आली की कोंबडीचं काय होणार तेही. मी तिला तसं सरळ विचारलं. ती म्हणाली, "त्या बाईने मुलाच्या नावाचं मला दिलं. मी घरी बसून ते फुकट घालवू?"

तिच्या अंगात चालण्याइतकी ताकद आली की निघू. बाजारातून आजच दोन तलंगा, अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घेतल्या, एक काळी, एक तांबडी. बदल्यात बदली होते का बघू, असं माझ्या मनात आहे.

मंगळवार, ९ ऑक्टोबर. दवाखाना

तळोद्यापर्यंत बैलगाडी, पुढे दोन दिवस पायी. अकिला सावकाश चालली, पण थांबू म्हणाली नाही. उतरणीवर तिने माझा हात धरला आणि सपाटीला आल्यावर सोडला नाही.

गावात शिरताना भुरीबाईला कोणीतरी आधीच सांगितलं होतं. ती वाटेवरच उभी होती. अकिलाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तलंगा पुढे केल्या. म्हटलं, माय, एकीच्या जागी दोन घे. काबरी राहू दे. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "देवले काबरी सांगेल शे." तेवढंच. मग दोन्ही तलंगा उलटसुलट करून बघितल्या, तांबडी घेतली. "ही करणसिंगनी," म्हणाली. काळी अकिलाला परत दिली.

बुधवार, १० ऑक्टोबर

आज सकाळी बाबदेवाच्या दगडाशी गेलो. आम्ही दोघं, भुरीबाई, दलसिंग पाटील. काबरी कोणाच्या हाती लागेना. गेल्या दीड महिन्यात ती अंगाने भरली आहे आणि चपळ झाली आहे. शेवटी भुरीबाई मला म्हणाली, तू बोलाव. मी तोंडाने नेहमीचा आवाज केला आणि ती धावत माझ्याकडे आली. मी उचलून भुरीबाईच्या हातात दिली. याबद्दल आणखी लिहिणार नाही. मी तोंड फिरवलं नाही एवढं लिहितो. करणसिंग लवकर यावा असंही मी तिथे उभा राहून मागितलं, आणि या वेळी मनापासून.

पाटील गेल्यावर भुरीबाई अकिलाजवळ झाडाखाली बसली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीमुर्धी कळते. मी हात धुऊन आलो तेव्हा ती अकिलाला विचारत होती, "पोरनं नाव काय ठेवं व्हतं?"

मी जागच्या जागी थांबलो. दीड महिना मी अकिलाबरोबर आहे. किती दिवस राहिली, कोणत्या वेळी गेली, दूध ओढत होती का, ताप होता का, सगळं एकेक करून विचारलं. हे विचारलं नाही. तीन दिवसांच्या लेकराला नाव असेल असं माझ्या मनातच आलं नाही. घरात कोणी उच्चारलंही नाही.

अकिलाने भुरीबाईकडे बघून सांगितलं, "हलीमा."

भुरीबाईने ते दोनदा म्हणून बघितलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. तेव्हा अकिला रडली. मी आल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.

माझ्या मुलीचं नाव हलीमा.